डॅशबोर्डवरचा ओशट चकाका कसा उतरवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरची चार वर्षं जुनी हॅचबॅक. घरच्या लग्नाआधी वॉशिंग सेंटरला दिली, तिथं डॅशबोर्ड, दारं, स्टिअरिंग, सीटचं रेक्झिन सगळ्याला सढळ हातानं पॉलिश मारून दिलं. आता डॅशबोर्ड तेल चोपडल्यासारखा चमकतो, बोट लावलं की ओशट लागतं, रस्त्याचा फुफाटा त्यावर थापून बसतो आणि संध्याकाळी समोरच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्डच दिसतो. ओलं फडकं, गाडीचा शाम्पू, वेट वाइप्स सगळं करून झालं. पुसलं की पट्टे उठतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे निघतं, पूर्ण निघतं आणि घरच्या घरी निघतं. साधारण अडीच तास, तीन-चार लिटर पाणी आणि आठ-दहा स्वच्छ फडकी लागतील. पण आधी तुमच्या गाडीत नेमकं काय बसलंय ते समजून घ्या. ते न कळल्यामुळेच आतापर्यंतची मेहनत वाया गेली आहे.

वॉशिंग सेंटरला पाच लिटरच्या कॅनमधून जे दुधासारखं पांढरं पॉलिश येतं, त्यात बहुतेक वेळा सिलिकॉन तेल पाण्यात फेटलेलं असतं. पाणी उडून जातं, तेल उरतं. हे तेल वाळत नाही, उडत नाही आणि प्लास्टिकमध्ये जिरतही नाही, नुसतं वर बसून राहतं. 'प्लास्टिकनं पिऊन घेतलं की चमक कमी होईल' असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. शिवाय ते पसरायला फार तरबेज. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, सिलिकॉन तेलाचा साधारण २१. म्हणून पाणी थेंब होऊन बसतं आणि हे तेल पातळ पापुद्र्यासारखं आपणहून पसरत जातं, फटीत, बटणांच्या कडेला, एसीच्या जाळीत. ओल्या फडक्यानं पुसता तेव्हा तुम्ही ते काढत नसता, इकडचं तिकडं सारवत असता. पट्टे उठतात ते म्हणूनच.

नुसत्या स्पिरिटनंही ते नीट सुटत नाही, कारण जाड सिलिकॉन तेल अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही. ते विरघळवतात पेट्रोल, थिनर अशा जातीचे द्रव. पण ते द्रव तेलाबरोबर प्लास्टिक, रंग आणि आवरणालाही खातात. त्यामुळे हे तेल विरघळवायच्या मागे लागायचंच नाही. साबणानं ते पृष्ठभागापासून सुटं करायचं, ब्रशनं खड्ड्याखड्ड्यातून वर आणायचं आणि कोरड्या फडक्यात उचलून गाडीबाहेर न्यायचं. खरं काम फडकं करतं, द्रव फक्त मदतीला असतो.

सुरुवातीला एक चाचणी करा. डॅशबोर्डच्या कोपऱ्यावर बोटभर लांब सेलोटेप दाबून लावा आणि सोडा. सिलिकॉन असेल तर टेप धरतच नाही, टोक आपोआप उचलतं. हीच चाचणी सफाई झाल्यावर पुन्हा करायची आहे, म्हणून जागा लक्षात ठेवा.

दुसरी खात्री त्याहून महत्त्वाची. काही गाड्यांत डॅशबोर्ड किंवा दाराच्या हँडलवर कंपनीतूनच रबरासारखा मऊ लेप असतो. काही वर्षांनी ऊन आणि दमटपणामुळे तो लेपच कुजतो आणि चिकट होतो. ते पॉलिश नव्हे. फरक असा ओळखायचा: पांढरं फडकं साबणाच्या पाण्यात भिजवून एका जागी दहा-बारा वेळा हलक्या हातानं फिरवा. फडक्यावर मातकट, पिवळसर-करडा मळ आला तर ते पॉलिश आणि धूळ. पण डॅशबोर्डचाच काळा किंवा करडा रंग फडक्यावर उतरायला लागला किंवा नख टेकवल्यावर वण पडला, तर तिथंच थांबा. तो लेप सुटतोय. पुढं जितकं घासाल तितके चट्टे पडतील आणि त्याला सफाई हा उपायच नाही.

आता सामान. मायक्रोफायबर फडकी, ४० बाय ४० सेंटिमीटरची, ३०० ते ३५० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन इतके ग्रॅम), किमान आठ. जुन्या बनियनच्या चिंध्या इथं चालत नाहीत, सुती कापड तेल धरण्याऐवजी पसरवतं. एक इंची रंगाचा मऊ ब्रश, त्याच्या लोखंडी पट्टीवर टेप गुंडाळलेली, म्हणजे ओरखडा पडणार नाही. एक मऊ टूथब्रश. अर्ध्या लिटरच्या दोन स्प्रे बाटल्या. थोडे इअरबड आणि आइस्क्रीमच्या एक-दोन काड्या.

पाण्याचं मुद्दाम सांगतो. मराठवाड्यात बहुतेक घरी बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी आणि ते जड. डॅशबोर्डच्या बारीक दाण्यात हे पाणी वाळलं की क्षाराची पांढरी झाक राहते आणि माणूस समजतो की प्लास्टिकच खराब झालं. म्हणून मिश्रणाला आणि शेवटच्या पुसण्याला आरओचं पाणी घ्या किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं ते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात पाइप लावून गाडी धुवा असं कोणी सांगू नये. या कामाला पाइप लागतही नाही.

साबण म्हणून ऑल पर्पज क्लीनर मिळाला तर उत्तम. त्याचं प्रमाण एकास दहा: अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४५ मिलि क्लीनर, वर ४५५ मिलि पाणी. तो नसेल तर भांडी घासायचं लिक्विड, पण अर्ध्या लिटरला ३ मिलि, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडंच जास्त. जास्त घातल्यानं जास्त निघत नाही, उलट साबणच मागं राहतो, तो चिकट होतो आणि पुन्हा धूळ धरतो. भांड्याच्या साबणाची वडी मात्र नको, तिच्यात खडूसारखी भुकटी असते. टूथपेस्ट आणि खायचा सोडाही त्याच कारणानं नको. 'वॉश अँड वॅक्स' लिहिलेला शाम्पू आणि वेट वाइप्स यांत स्वतःचेच तेलकट, मऊपणाचे घटक असतात. तुमचं पुसून झाल्यावरही चकाकी राहिली त्यात त्यांचाही वाटा आहे. हँड सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, तेही बाजूला ठेवा.

दुसऱ्या बाटलीत आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, पातळ करून. शुद्ध मिळालं तर ५० मिलि आणि पाणी २०० मिलि. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं असेल तर ७० मिलि आणि पाणी १८०. दोन्ही मिळून अडीचशे मिलि, सुमारे २० टक्के ताकदीचं. हे मुख्य काम करायला नाही, साबणाच्या सफाईनंतर उरलेला पुसट थर उचलायला आहे. आयपीए पेट घेतं, म्हणून दारं चारही उघडी ठेवा आणि गाडीतल्या देवापुढं अगरबत्ती लावायची सवय असेल तर आज नको.

वेळ सकाळची, नऊच्या आत. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात सत्तर अंशांच्या आसपास सहज जातो. त्यावर साबणाचं पाणी मारलं तर पुसायच्या आधीच वाळतं आणि त्याचे गोल डाग बसतात. हाताचा तळवा टेकवल्यावर गार लागला पाहिजे, तोवर हात घालू नका. गाडी रात्रीपासून सावलीत असावी.

किल्ली बंद करून काढा. पहिल्यांदा कोरडी धूळ. ब्रश एका हातात, व्हॅक्यूमचा नळा दुसऱ्या हातात, वरून खाली. व्हॅक्यूम नसेल तर ब्रशनं झाडून कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. हे टाळून थेट ओलं केलं तर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि तेल यांचा चिखल होतो आणि चकचकीत काळ्या पट्टीवर त्याचे केसासारखे ओरखडे उठतात.

मग डॅशबोर्डचे तुकडे पाडा. एका वेळी वीतभर लांब, वीतभर रुंद. त्याहून मोठा तुकडा घेतला की एक बाजू वाळते. स्प्रे डॅशबोर्डवर मारायचा नाही, ब्रशवर मारायचा, दोन-तीन फवारे. कारण थेट मारलेलं पाणी एसीच्या जाळीतून, स्पीकरमधून आणि बटणांच्या फटीतून आत जातं. पॅसेंजरच्या बाजूला एअरबॅगचं झाकण असतं, त्याची शिवण ठरलेल्या जागी फाटून उघडायची असते, तिथं द्रव मुरवणं योग्य नाही. दाराच्या खांबावर किंवा सीटच्या कडेला एसआरएस एअरबॅग असं लिहिलेलं असेल तिथंही हाच नियम.

ब्रश हलका, गोल गोल, वीस-तीस सेकंद. दाबायचं नाही. डॅशबोर्ड जवळून बघा. मोबाइलचा टॉर्च प्लास्टिकला जवळजवळ टेकवून आडवा धरला की चामड्यासारखे बारीक उंचवटे आणि त्यांच्यामधले खड्डे दिसतात. फडकं उंचवट्यांवरून सरकून जातं, तेल खड्ड्यात तसंच राहतं. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक खड्ड्यात एक छोटासा चकाकणारा ठिपका दिसेल, तेच हे तेल. ब्रशचे केस तिथवर पोचतात म्हणून ब्रश. सुरुवातीला फेस येताच मोडतो, कारण तेल फेस मारतं. फेस थोडा टिकायला लागला की समजा, तेल सुटतंय.

फेस वाळायच्या आत कोरडं मायक्रोफायबर घ्या. ते दोनदा दुमडून चौपदरी करा, म्हणजे दोन्ही बाजू आणि उलटून मिळून आठ स्वच्छ पृष्ठभाग मिळतात. एकाच दिशेनं ओढून पुसा, गोल नाही. पुसलं की फडकं उचला, पृष्ठभाग बदला, मग दुसरा ओढा. एक पृष्ठभाग एका तुकड्याला एकदाच वापरायचा. हा नियम मोडला की काढलेलं तेल तुम्ही स्वतःच परत लावता. काम फसतं ते बहुतेक वेळा इथंच. बाटली बदलत बसण्यापेक्षा फडकं बदला.

त्यानंतर दुसरं फडकं साध्या आरओच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, त्यातून थेंब गळता कामा नये. त्यानं साबण उचला, मग तिसऱ्यानं कोरडं करा. हा झाला एक हात. पहिल्या हातात फडकं पिवळट-करडं येईल आणि डॅशबोर्ड ठिगळासारखा दिसेल, कुठं मंद, कुठं चमकता. घाबरू नका. दुसरा हात द्या, त्याच पद्धतीनं. वर्षभर थर चढवलेला असेल तर तिसराही लागतो. पण एकाच वेळी जोर लावून तिसऱ्या हाताचं काम पहिल्यात करायला जाऊ नका. जोरानं घासल्यावर प्लास्टिकचे उंचवटे गुळगुळीत होतात आणि मग ती चमक कायमची, कुठल्याही द्रवानं न जाणारी. मॅजिक इरेझर नावाचा पांढरा स्पंज नेमकं हेच करतो. तो अतिशय बारीक सँडपेपरच आहे.

दोन हात झाले की पातळ आयपीए फडक्यावर घेऊन एकदा हलकंसं फिरवा, लगेच कोरडं पुसा. हे फक्त डॅशबोर्डच्या आणि दारांच्या कडक प्लास्टिकवर. मऊ लेप असलेल्या भागावर नाही, सीटच्या रेक्झिनवर वारंवार नाही आणि मीटरच्या पारदर्शक काचेवर तर कधीच नाही. ती काच नसते, अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट असतं. अल्कोहोलनं त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येऊ शकतात आणि त्या परत जात नाहीत. मीटरला आणि टचस्क्रीनला डिस्टिल्ड पाण्यानं दमट केलेलं फडकं पुरतं. ओशटपणा राहिलाच तर पाव लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, त्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग साध्या पाण्याचं, मग कोरडं. काचेच्या निळ्या स्प्रेमध्ये अमोनिया असला तर तो स्क्रीनवरचा चकाकी कमी करणारा थर खराब करतो.

बटणांच्या कडा आणि एसीच्या पात्यांसाठी आइस्क्रीमच्या काडीला फडक्याचं टोक गुंडाळा, एक फवारा त्या टोकावर, आणि फटीत सरकवा. इअरबड पॉवर विंडोच्या स्विचभोवती. एसीच्या जाळीत पॉलिश शिरलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर पहिल्या उन्हात वास सुटतो आणि पुन्हा फटीबाहेर पसरतं. म्हणून इथं घाई नको.

स्टिअरिंग, गिअरचा दांडा, हँडब्रेक आणि पेडल हे सगळं खरं तर आधी करायला हवं, कारण तिथं प्रश्न दिसण्याचा नाही, जिवाचा आहे. पॉलिश लागलेल्या ब्रेक पेडलवरून बूट सटकतो, पावसात ओला बूट असेल तर जास्तच. तुमच्या सेंटरनं पेडलला मारलंय का ते आजच बोटानं बघा आणि मारलं असेल तर बाकीचं काम उद्यावर गेलं तरी चालेल, पेडल आज धुवा. पाव लिटर पाण्यात अर्धा चमचा भांड्याचं लिक्विड, टूथब्रश, रबराच्या खाचांमधून चांगलं घासा, दोनदा साध्या पाण्याच्या फडक्यानं, मग कोरडं. रबरी मॅटलाही हेच. स्टिअरिंग रेक्झिनचं किंवा साध्या प्लास्टिकचं असेल तर डॅशबोर्डचीच पद्धत, फडकं फिरवताना किंचित 'कुर्रर' आवाज येईपर्यंत. खऱ्या चामड्याचं असेल तर चामड्याचा न्यूट्रल क्लीनर घ्या आणि एका वेळी चौथाई चाकच करा, ओलं मुरू देऊ नका.

स्टिअरिंगवर दसऱ्याच्या पूजेची हळद राहिली असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. क्लीनर किंवा साबण अल्कधर्मी असतो आणि हळद त्यात लाल-तपकिरी होते. डाग अचानक रक्तासारखा लाल दिसला म्हणून घासत सुटू नका. साध्या पाण्यानं साबण काढा, उरलेला पिवळा रंग काही दिवस उन्हात राहिला की फिका पडतो.

सीटच्या रेक्झिनला साबणाचं पाणी, ब्रश आणि लगेच पुसणं, एवढंच. बारीक छिद्रं असलेलं असेल तर ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा, नाहीतर पाणी खालच्या फोममध्ये उतरतं आणि कुबट वास येतो. कापडी सीटवर पॉलिश उडालं असेल तर ते पूर्ण निघायला वेळ लागतो. फेस करून, कोरड्या फडक्यानं दाबून टिपायचं, घासायचं नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं पुन्हा. सीटबेल्टच्या पट्ट्याला फक्त कोमट पाणी आणि सौम्य साबण. स्पिरिट, ब्लीच, कुठलाही रसायनी द्रव नको, धागा कमजोर होतो. पट्टा पूर्ण ओढून चिमट्यानं धरा आणि खडखडीत वाळल्यावरच आत जाऊ द्या.

काच. डॅशबोर्ड झाल्यावरच काच, आधी नाही. समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला जो धुरकट थर बसतो तो उन्हात तापलेल्या प्लास्टिकमधून आणि पॉलिशमधून उडालेल्या, तेल सोडून इतर घटकांचा असतो. तोच समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याचा उजेड विखुरतो. जालन्याहून संभाजीनगरकडे समृद्धीवर संध्याकाळी निघालात तर सूर्य समोर असतो. काचेवर थर आणि खाली चमकता डॅशबोर्ड असला तर काही क्षण पुढचं खरंच दिसत नाही. कंपनी डॅशबोर्ड मंद, विनाचमक ठेवते ती काटकसर म्हणून नव्हे, याच कारणासाठी. मंद डॅशबोर्ड म्हणजे जुना डॅशबोर्ड ही समजूत मनातून काढून टाका.

काचेला आधी साबणाचं पाणी फडक्यावर घेऊन, मग मूळ (पातळ न केलेलं) आयपीए आणि पाणी निम्मंनिम्मं. एक फडकं ओलं, एक कोरडं, आणि ही दोन्ही डॅशबोर्डला कधीच न लागलेली हवीत. आतून उभं पुसा, बाहेरून आडवं, म्हणजे पट्टा राहिला तर कुठल्या बाजूचा आहे ते लगेच कळतं. खालच्या कोपऱ्यात हात जात नाही, तिथं तळवा काचेकडे न करता हाताची पाठ काचेकडे करून फडकं सरकवा, जातं. शेवटी काचेवर तोंडानं वाफ सोडा. थर राहिला असेल तर वाफेत रेघा दिसतात. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, तारा असतील तर तारांच्याच दिशेनं पुसा. काचांना फिल्म लावलेली असेल तर अमोनियाचा स्प्रे तिथंही नको.

आता दुसऱ्या दिवसाबद्दल, कारण 'पुन्हा तसंच होतं' ही तुमची खरी तक्रार आहे. गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली की फटींमध्ये, शिवणीत, स्पीकरच्या जाळीत अडकलेलं तेल गरम होऊन पातळ होतं आणि घाम फुटल्यासारखं बाहेर पसरतं. सफाई चुकली असा त्याचा अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कडांनाच एक हात द्या, आठवड्यानं आणखी एक. तिसऱ्या वेळेला फडकं जवळजवळ स्वच्छ येतं. आता सेलोटेप त्याच जागी दाबा. धरली आणि ओढताना थोडा प्रतिकार जाणवला, तर झालं.

सफाईनंतर पांढरट झाक दिसली तर तीन कारणं असू शकतात. साबण राहिला असेल तर ओलं बोट फिरवल्यावर किंचित बुळबुळीत लागतं, साध्या पाण्यानं पुन्हा पुसा. जड पाण्याचा क्षार असेल तर पांढऱ्या व्हिनेगरचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग, कडक प्लास्टिकवर फडक्यानं, मग साधं पाणी. आणि ओलं असताना काळं, वाळलं की करडं दिसत असेल तर उन्हानं प्लास्टिकचा वरचा थर मेलेला आहे. पॉलिश तो झाकत होतं, आता तो उघडा पडला. इथंच बहुतेक लोक घाबरून पुन्हा तेच पॉलिश आणतात.

त्याऐवजी मॅट फिनिशचं, यूव्ही संरक्षण असलेलं ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकवर लावायचा संरक्षक द्रव, घ्या. 'वॉटर बेस्ड' एवढ्या शब्दावर जाऊ नका, पाण्यात फेटलेलं सिलिकॉनही वॉटर बेस्डच असतं. मॅट आणि नॉन-ग्रीसी लिहिलेलं आहे का बघा आणि आधी दाराच्या खालच्या भागात लावून एक दिवस थांबा. पेट्रोलसारखा वास येणारं, पारदर्शक, तेलकट असेल तर ते आतल्या भागासाठी नाहीच, टायरवरही विचार करून. पूर्ण डॅशबोर्डला ५ मिलि पुरतं, स्पंजवर घेऊन. दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढा. हाताची पाठ फिरवली की कोरडं लागलं पाहिजे. खोबरेल तेल, रॉकेल, डिझेल हे प्रकार आपल्याकडे गॅरेजात सर्रास चालतात. पहिलं खवट होतं, बाकीची दोन प्लास्टिकमध्ये मुरतात आणि बंद गाडीत वास आणि आगीचा धोका दोन्ही ठेवतात.

ऊन हेच मूळ असेल तर सर्वात जास्त फरक चंदेरी सनशेड पाडतो. गाडी उभी केली की तो समोरच्या काचेला लावायचा. कुठल्याही बाटलीपेक्षा तो जास्त काम करतो, आणि एकदाच घ्यावा लागतो.

वॉशिंग सेंटरला पुढच्या वेळी गाडी देताना किल्ली हातात ठेवण्याआधीच सांगा: आतून फक्त व्हॅक्यूम आणि ओलं फडकं, पॉलिश नको. नुसतं बोलून चालत नाही, पावतीवर लिहून घ्या. दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी रांगेत तीस गाड्या असतात, पोरांना हात थांबवायला वेळ नसतो आणि पॉलिशचा डबा सगळ्यांच्या हाताशी असतो. शक्य असेल तर आतली सफाई चालू असताना तिथं उभे राहा, दहा मिनिटांचं काम असतं. स्पंज बघा: टायरला लावलेलाच डॅशबोर्डवर येत असेल तर तिथंच थांबवा.

वापरलेली फडकी घरच्या कपड्यांत टाकू नका. बादलीत गरम पाणी, भांड्याचं लिक्विड एक चमचा, अर्धा तास भिजत ठेवा, चोळा, तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. कंफर्टसारखं कपडे मऊ करणारं द्रव त्यात घालायचं नाही, त्याचा मेणचट थर धाग्यावर बसतो आणि फडकं तेल धरायचं बंद करतं. सावलीत वाळवा. वाळल्यावर त्यातलं एक काचेवर फिरवून बघा. काचेवर धूसर पट्टा उठला तर ते फडकं आतल्या कामातून कायमचं काढा आणि टायर पुसायला ठेवा.